पासवर्ड बदलूनही ऑफिसचा ईमेल पुन्हा पुन्हा हॅक होतोय? या क्रमाने तपासा

"पासवर्ड दोनदा बदलला, तरी पुन्हा तेच." संस्थांचे मेलबॉक्स साफ करण्याच्या कामात हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलंय. पासवर्डशिवाय आणखी काय पाहिलं असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा 'काहीच नाही' असं असतं. यात त्या माणसाचा दोष नाही, कारण खातं गेलं की पासवर्ड बदला एवढंच सगळ्यांना सांगितलेलं असतं. पण आत शिरलेला माणूस परत येण्याची सोय आधीच करून ठेवतो, आणि त्यातल्या बऱ्याच सोयी पासवर्ड बदलला तरी चालू राहतात. त्या कुठे असतात आणि कोणत्या क्रमाने शोधायच्या, ते इथे लिहितो.

लक्षणं

- ग्राहक सांगतो, "तुमच्या नव्या बँक खात्यात पैसे भरले," आणि तुम्ही खातं बदललेलंच नसतं.
- समोरचा म्हणतो मेल पाठवला, पण तो इनबॉक्समध्ये नाही, स्पॅममध्येही नाही.
- तुम्ही न उघडलेले मेल 'वाचलेले' दिसतात.
- सेंट फोल्डरमध्ये तुम्ही न लिहिलेले मेल असतात, किंवा कालचे तुमचेच मेल तिथून गायब असतात.
- काही मिनिटांत शेकडो न्यूजलेटरचे मेल येऊन आदळतात. हा पूर बहुधा एखादा महत्त्वाचा मेल, उदाहरणार्थ बँकेची सूचना, त्यात बुडावा म्हणून सोडलेला असतो.
- न मागता लॉगिनचे कोड किंवा 'मंजूर करा' अशा सूचना फोनवर येतात.
- पासवर्ड बदलला की दोन-चार दिवस शांतता, मग पुन्हा पहिल्यासारखं.

यातलं दुसरं लक्षण सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. मेल आला नाही तर माणूस नेटवर्कला किंवा पाठवणाऱ्याला दोष देतो आणि विसरून जातो. एकाच विषयावरचे, त्यातही पैशाच्या व्यवहाराचे मेल गायब होत असतील, तर तो योगायोग समजू नका.

काहीही करण्याआधी

पैसे गेले असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी बँकेला फोन करा. मेल पाठवू नका, कारण तुमचा मेल कोण वाचतंय हे अजून ठरायचंय. पाठवलेली रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता आली तरच परत मिळण्याची आशा असते, आणि तिथे तासांचा फरक पडतो. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ मध्ये व्यावसायिक ईमेल फसवणुकीच्या २१,००० हून जास्त तक्रारी आल्या आणि त्यांतलं नुकसान सुमारे २.९ अब्ज डॉलर होतं. त्यामुळे 'मेलबॉक्सचीच तर गोष्ट आहे' असं म्हणून हे पुढे ढकलू नका.

दुसरं, संशयास्पद काही सापडलं तर ते लगेच पुसू नका. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आधी घ्या. घाबरून सगळं साफ करणारी माणसं मी पाहिली आहेत. मग बँक किंवा पोलिस पुरावा मागतात तेव्हा दाखवायला काही उरत नाही.

१. खातं खरंच हॅक झालंय का, हे आधी ठरवा

याला पाच मिनिटं लागतात आणि खर्च शून्य. ज्याला फसवा मेल मिळाला त्याच्याकडून तो मूळ स्वरूपात, म्हणजे जोडणी (अटॅचमेंट) म्हणून मागवा. साधा फॉरवर्ड केला तर हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याच्या तांत्रिक नोंदी, निघून जातात. मेलच्या मेनूमध्ये 'मूळ संदेश पाहा' किंवा 'हेडर पाहा' असा पर्याय असतो. तिथे पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता पाहा, आणि एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क (मेल खरंच त्या पत्त्याच्या मालकाकडून आलाय का, हे तपासणाऱ्या तीन चाचण्या) यांपुढे 'पास' आहे की 'फेल' ते पाहा.

तीन शक्यता निघतात. पत्ता अगदी तुमचाच आणि तिन्ही पास, तर मेल तुमच्याच व्यवस्थेतून गेलाय. खातं हॅक झालंय असं धरून पुढे चला. पत्ता तुमचा पण डीमार्क फेल, तर कुणीतरी बाहेरून तुमचं नाव लावलंय. आणि पत्ता फक्त तुमच्यासारखा दिसणारा असेल, म्हणजे एक अक्षर जास्त किंवा 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' जोडून लिहिलेले, तर कुणीतरी वेगळं डोमेन (ईमेल पत्त्यातला @ नंतरचा भाग) विकत घेतलंय. अशा वेळी तीनही चाचण्या पास होऊ शकतात, कारण ते डोमेन खरोखर त्याचंच असतं. म्हणून पत्ता अक्षर न् अक्षर वाचा.

ही तपासणी पहिली ठेवतो, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात पासवर्ड कितीही वेळा बदला, काही उपयोग होत नाही. लिथुआनियाच्या एव्हाल्डास रिमासाउस्कासने २०१३ ते २०१५ या काळात गूगल आणि फेसबुककडून मिळून १२ कोटी डॉलरहून जास्त रक्कम उकळली. त्यासाठी त्याने त्यांच्या खऱ्या पुरवठादाराच्या नावाची कंपनी काढली आणि त्या पुरवठादाराकडून आल्यासारखे भासणारे मेल व खोटी बिलं पाठवली. २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

तुमचं नाव बाहेरून लावलं जात असेल तर डोमेनचं डीमार्क धोरण, म्हणजे चाचणीत फेल झालेल्या मेलचं काय करायचं याची सूचना, तपासा. ते 'नन' असेल तर फक्त अहवाल येतात, खोटा मेल अडत नाही. अडवायचं तर 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका) किंवा 'रिजेक्ट' (घेऊच नका) हवं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर (गूगलच्या हिशेबात दिवसाला ५,००० किंवा जास्त) मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क बंधनकारक केलं. अनेकांनी तेव्हा घाईने 'नन' लावला आणि पुढे गेलेच नाहीत. मात्र एकदम 'रिजेक्ट'वर उडी मारू नका. आधी काही आठवडे अहवाल वाचा, नाहीतर तुमच्याच बिलिंग सॉफ्टवेअरचे खरे मेल अडतील.

२. रूल, फॉरवर्डिंग आणि परवानग्या

खातं खरंच हॅक झालं असेल तर मी सगळ्यात आधी इथे पाहतो. ब्राउझरमधून मेल उघडा. फोनच्या अॅपमध्ये यातलं बरंच काही दिसतच नाही. सेटिंगमध्ये जाऊन रूल किंवा फिल्टर (आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं याचे नियम), फॉरवर्डिंग, आणि दुसऱ्या कुणाला मेलबॉक्स वापरायची परवानगी दिलीय का, या तीन गोष्टी पाहा.

रूलचं नाव बहुधा मुद्दाम नजरेत न भरणारं असतं. एक टिंब, दोन टिंबं, एखादं अक्षर. त्याचं काम असं: मेलमध्ये 'इन्व्हॉइस', 'पेमेंट', 'बँक' यांसारखे शब्द असले, किंवा मेल एका विशिष्ट ग्राहकाकडून आला, की तो 'वाचलेला' करायचा आणि कुणी कधी उघडत नाही अशा फोल्डरमध्ये हलवायचा. आउटलुकमधलं आरएसएस फीड्सचं फोल्डर यासाठी फार वापरलं जातं. एका संस्थेत महिन्याभरात तीनदा पासवर्ड बदलला होता. तिथल्या हिशेब सांभाळणाऱ्या ताई रोज मेल तपासायच्या, पण ते फोल्डर त्यांनी आयुष्यात कधी उघडलं नव्हतं. त्यात एका ग्राहकाशी चाललेला पूर्ण संवाद पडून होता. ग्राहक प्रश्न विचारतोय, त्याला त्यांच्या नावाने उत्तरं जाताहेत, आणि त्यांना पत्ताही नाही. ते वाचताना त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी आरएसएस, आर्काइव्ह आणि डिलीटेड ही फोल्डरं स्वतः उघडून पाहतो.

पासवर्ड बदलून हे का जात नाही? कारण रूल आणि फॉरवर्डिंग मेल सर्व्हरवर चालतात. मेल आला की सर्व्हर आपला हुकूम पाळतो, त्यासाठी कुणाला लॉगिन व्हावं लागत नाही. बाहेरच्या पत्त्यावर फॉरवर्डिंग चालू असेल तर चोराला तुमच्या खात्याची गरजच उरत नाही. तुमचा नवा पासवर्ड त्याला माहीत नसतो, पण तुमचा प्रत्येक मेल त्याच्याकडे पोचत असतो, आणि इतर सेवांचे 'पासवर्ड विसरलात?' वाले मेलही.

सहज सुटणाऱ्या आणखी दोन जागा आहेत. एक म्हणजे सही. मेलखालच्या सहीत फोन नंबर बदलून ठेवलेला असू शकतो, म्हणजे खात्री करायला फोन करणारा ग्राहक चोरालाच फोन करतो. दुसरी म्हणजे 'उत्तर या पत्त्यावर पाठवा' ही सेटिंग.

एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टची मेल सर्व्हर व्यवस्था) वापरणाऱ्यांनी लक्षात घ्या, काही रूल असे लपवता येतात की ते आउटलुकमध्ये किंवा ब्राउझरमध्येही दिसत नाहीत. अॅडमिनला, म्हणजे संस्थेची मेल व्यवस्था सांभाळणाऱ्याला, कमांड देऊन लपवलेल्या रूलसह यादी काढता येते. ती काढायला सांगाच. आणि संस्थेला गरज नसेल तर बाहेरच्या पत्त्यांवर आपोआप फॉरवर्ड होणं सगळ्यांसाठीच बंद करा.

३. रिकव्हरीचा फोन, ईमेल आणि दुसऱ्या टप्प्याची साधनं

सुरक्षा सेटिंगमध्ये नोंदलेला प्रत्येक फोन नंबर, प्रत्येक पर्यायी ईमेल आणि प्रत्येक ऑथेंटिकेटर (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या टप्प्यात कोड देणारं किंवा मंजुरी मागणारं फोनवरचं अॅप) हा कुणाचा, असं एकेक विचारा. शिरलेला माणूस स्वतःचं ऑथेंटिकेटर जोडून ठेवतो. मग तुम्ही पासवर्ड बदलला तरी तो रिकव्हरीच्या वाटेने परत येतो, आणि सिस्टिमच्या दृष्टीने तो 'पडताळलेला' वापरकर्ता असतो. 'माहिती', 'लेखा' अशा सामायिक खात्यांना, नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा नंबर अजून जोडलेला असणं तर नेहमीचंच.

फोनवर 'मंजूर करा' अशी सूचना येत असेल आणि तुम्ही लॉगिन करत नसाल, तर तुमचा पासवर्ड कुणाकडे तरी आहे हे नक्की. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरमध्ये असाच प्रवेश झाला. एका कंत्राटी कर्मचाऱ्याला सूचनांवर सूचना येत राहिल्या आणि शेवटी एक मंजूर झाली. म्हणून स्क्रीनवरचा आकडा फोनमध्ये टाकावा लागेल अशी पद्धत चालू ठेवा. मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑथेंटिकेटरमध्ये ती मे २०२३ पासून सगळ्यांना लागू केली.

४. चालू सेशन (आधीच झालेली लॉगिन) तोडा, पण क्रम चुकवू नका

"आमच्याकडे ओटीपी होता, तरी कसे घुसले?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी विचारतात. एकदा लॉगिन झालं की ब्राउझरमध्ये एक कुकी राहते. 'हा माणूस तपासलेला आहे, याला पुन्हा विचारू नका' असा तो परवाना. खोट्या लॉगिन पानामागे चोराचा सर्व्हर बसलेला असतो. तुम्ही टाकलेला पासवर्ड आणि कोड तो तिथल्या तिथे खऱ्या साइटला देतो आणि बदल्यात मिळालेली कुकी स्वतःकडे ठेवतो. तुमचा कोड अगदी योग्य होता, तो फक्त त्याच्यामार्फत गेला. आता त्याला पासवर्डही नको आणि कोडही नको. प्रत्येक सेवा पासवर्ड बदलताच सगळी जुनी सेशन्स तोडतेच असं नाही, तोडली तरी थोडा वेळ जाऊ शकतो.

म्हणून क्रम असा ठेवा. ज्या कॉम्प्युटरवर संशय नाही त्यावर बसा. पासवर्ड बदला. मग 'सगळीकडून साइन आउट' करा, अॅडमिन असाल तर सगळी सेशन्स रद्द करा. मग दुसऱ्या टप्प्याची साधनं नव्याने जोडा. संशयित लॅपटॉपवरच बसून नवा पासवर्ड टाकणं म्हणजे तो चोराला वाचून दाखवणं.

या प्रकारच्या हल्ल्याला खरा अडसर पासकी (फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा हार्डवेअर सिक्युरिटी की (तेच काम करणारं छोटं उपकरण) घालते. ती साइटच्या खऱ्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे दिसायला हुबेहूब असलेल्या पानाला ती उत्तरच देत नाही. माणूस फसला तरी की फसत नाही. सगळ्यांना देणं जमत नसेल तर निदान अॅडमिन आणि पैशाचे व्यवहार करणाऱ्यांना आधी द्या.

५. जोडलेली अॅप

खात्याला प्रवेश दिलेल्या बाहेरच्या अॅपची यादी उघडा. 'तुमचे मेल वाचणे', 'तुमच्या वतीने पाठवणे' अशा परवानग्या असलेलं आणि कुणीच न ओळखणारं अॅप काढून टाका. ३ मे २०१७ ला 'गूगल डॉक्स' असं नाव लावलेलं एक खोटं अॅप अशीच परवानगी मागत पसरलं होतं. लॉगिनचं पान खरंच गूगलचं होतं, पासवर्ड कुणी चोरला नव्हता, लोकांनी फक्त 'अनुमती द्या' दाबलं. दिलेली अशी परवानगी पासवर्डपेक्षा वेगळी असते, आणि बऱ्याच ठिकाणी ती पासवर्ड बदलल्यावरही शाबूत राहते. नवीन अॅप जोडायला अॅडमिनची मंजुरी लागेल अशी सेटिंग करून टाका.

जुन्या मेल प्रोग्रामसाठी बनवलेले 'अॅप पासवर्ड'ही रद्द करा. त्यांना दुसरा टप्पा लागतच नाही. आयमॅप आणि पॉप (मेल प्रोग्रामने मेल उतरवून घ्यायच्या जुन्या पद्धती) वापरात नसतील तर बंद करा.

६. लॉग (सिस्टिमच्या नोंदी) आणि विसरलेली खाती (अॅडमिनचं काम)

इथून पुढे वेळ लागतो. साइन-इनच्या नोंदी पाहा: कोणत्या देशातून, कोणत्या वेळी, कोणत्या अॅपमधून. व्हीपीएन (दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्फत जाणारं सुरक्षित कनेक्शन) वापरणाऱ्या कर्मचाऱ्याचं ठिकाण भलतंच दिसू शकतं, त्यामुळे एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नका. रूल कधी बनला ती वेळ आणि त्याच्या आसपासचं लॉगिन जुळवा. चोर कुठून आला हे तिथे कळतं. मग तोच आयपी पत्ता (इंटरनेट कनेक्शनचा क्रमांक) इतर खात्यांत शोधा. एका खात्यासाठी बोलावणं आलं आणि या शोधात आणखी दोन सापडली, असं माझ्यासोबत अनेकदा झालंय. समस्या पुन्हा उद्भवण्याचं ते एक मोठं कारण असतं: साफ केलं ते खातं वेगळं, आणि चोर बसलाय शेजारच्या खात्यात.

नोंदी कायम राहत नाहीत हे ध्यानात ठेवा. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये साध्या परवान्यावर ऑडिट नोंदी आता १८० दिवस राहतात, ऑक्टोबर २०२३ पूर्वी ९० दिवस राहत. आजच उतरवून घ्या.

आणि जुनी खाती. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीत हल्लेखोर शिरले ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून, ज्याला दुसरा टप्पा नव्हता. सोडून गेलेल्यांची, चाचणीसाठी काढलेली आणि 'कुणाचं ते माहीत नाही' अशी सगळी खाती बंद करा.

७. कॉम्प्युटरच बाधित आहे का

एकाच माणसाची ईमेल, बँक, सोशल मीडिया अशी वेगवेगळी खाती एकदमच गेली, किंवा वरचं सगळं करूनही नवा पासवर्ड काही दिवसांत फुटला, तर संशय मशीनवर घ्या. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज एका झटक्यात उचलून नेणारे प्रोग्राम असतात. रेडलाइन हा त्यातला एक, त्याच्या सर्व्हरवर ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून कारवाई केली. क्रॅक केलेलं, म्हणजे पैसे न भरता चालेल असं फोडलेलं सॉफ्टवेअर ही त्यांची आवडती वाट. काही तर काम झालं की स्वतःला पुसून टाकतात, म्हणून 'अँटिव्हायरसला काही सापडलं नाही' यावर विसंबू नका.

मी अशा मशीनला दुरुस्त करत बसत नाही. फक्त कागदपत्रं बाहेर काढतो, डिस्क पुसतो, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकतो आणि त्या ब्राउझरमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड बदलायला लावतो. घरचा कॉम्प्युटरही विचारा. ऑफिसचा ब्राउझर घरी सिंक केला असेल तर ऑफिसचे पासवर्ड घरच्या मशीनवरून गेलेले असू शकतात.

इथे थांबा आणि तज्ज्ञाला बोलवा

पुढीलपैकी काहीही दिसलं तर स्वतः प्रयोग करू नका: अॅडमिनचं खातं गेलंय, एकाहून जास्त मेलबॉक्स बाधित आहेत, फायली उघडत नाहीत किंवा खंडणीची चिठ्ठी आलीय, मोठी रक्कम गेलीय, लॉग बंद केलेले किंवा पुसलेले आढळले, किंवा वरच्या सातही तपासण्या करून समस्या तिसऱ्यांदा परतली. अशा वेळी मशीन नेटवर्कपासून तोडा, पण बंद करू नका. मेमरीतला पुरावा वीज जाताच नाहीसा होतो. आणि सातव्या तपासणीत सांगितलेलं पुसणं इथे अजिबात करू नका.

ग्राहकांची किंवा कर्मचाऱ्यांची खासगी माहिती त्या मेलबॉक्समध्ये असेल तर वकिलालाही त्याच दिवशी कळवा. युरोपच्या जीडीपीआर या खासगी माहितीच्या कायद्यात माहिती फुटल्याचं कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला सांगावं लागतं, त्या व्यक्तींना धोका संभवत नसेल तेवढाच अपवाद. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात. 'आधी पूर्ण तपास करू, मग सांगू' म्हणत बसलात तर मुदत निघून जाते.

याच टप्प्यावर अनेकांना पहिल्यांदा कळतं की त्यांच्या मेलबॉक्समध्ये आठ-दहा वर्षांची ओळखपत्रं, पगारपत्रकं आणि करार पडून होते. चोराने ते नेले की नाही हे बऱ्याचदा सिद्धच करता येत नाही. ज्यांची ती कागदपत्रं होती त्यांना हे सांगण्याची वेळ फार वाईट असते. गरज संपलेल्या जोडण्या काढून टाकण्याचा नियम करा, तो फुकट आहे.

दुरुस्तीनंतर

बँक तपशील बदलल्याचा कोणताही मेल आला तर आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, मेलमधल्या नंबरवर नाही, असं सगळ्या ग्राहकांना आणि पुरवठादारांना कळवा. ज्यांच्याशी या काळात व्यवहार चालू होते त्यांना स्वतः फोन करा. मग तिसऱ्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी रूल, फॉरवर्डिंग, जोडलेली अॅप आणि साइन-इनच्या नोंदी पुन्हा पाहा. माझ्या अनुभवात परतणारा चोर बहुधा पहिल्या पंधरवड्यातच परततो, पण तिसाव्या दिवसाची तपासणीही मी कधी गाळत नाही.